सनद आणि महजर : पेण-रोह्याच्या दोन पुरुषांच्या सार्वजनिक सन्मानाची चिकित्सा

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस सनद आणि महजर या दोन कागदांतील भेद नव्यानें सांगावयास नको. सनद वरून खालीं येते. सरकार कृपाळू होऊन एखाद्यास गांव, जमीन किंवा वतन देतें, तें कोणत्या सेवेबद्दल दिलें हें थोडक्यांत नमूद करितें आणि शिक्का उठवितें. महजर खालून उभा राहतो. वादी व प्रतिवादी गोतासमोर येतात; दोघेहि आपापली तक्रीर लिहून देतात; गोत जें ठरवील तें मान्य करूं असा राजीनामा देतात; जामीन देतात. मग साक्षी होतात, आणि अखेर जमलेल्या मंडळींच्या निशाण्यांसह निर्णय कागदावर येतो. ज्याचा दावा खोटा ठरला तो यजितखत लिहून देतो. सनदेंत एकच बाजू बोलते. महजरांत हरलेल्या पक्षाचें म्हणणेंहि टिकून राहतें. म्हणूनच वतनाच्या वादांचा इतिहास लिहितांना आपण सनदेवर थांबत नाहीं, महजर शोधतों.

हा भेद येथें काढण्याचें कारण असें कीं, आपल्या गांवोगांवीं थोर पुरुषांचे जे सार्वजनिक सन्मान होतात, सभागृहांस नांवें दिलीं जातात, पुतळे बसविले जातात, जन्मस्थानीं स्मारकें उभीं राहतात, ते बहुतेक सर्व सनदेच्या थाटानें होतात. त्यांतहि सनदेंत सेवा तरी लिहिलेली असे. आजच्या कोनशिलेवर बहुधा सन्मानिताचें नांव, उद्घाटकाचें नांव आणि तारीख एवढेंच आढळतें, आणि उद्घाटकाचें नांव पुष्कळदां अधिक ठळक असतें. सन्मान कशाबद्दल झाला, त्यास कोणाची हरकत होती, ती ऐकून घेऊन काय ठरलें, याचा मागमूस शिलेवर नसतो आणि दप्तरांतहि क्वचितच सांपडतो. एक पिढी उलटून वाद पुन्हा उकरला गेला म्हणजे दोन्ही पक्षांच्या हातीं कागद नसतो. एकाजवळ भक्ति असते, दुसऱ्याजवळ राग असतो.

हा विचार आम्ही येथें पेण आणि रोहें या दोन गांवांपुरता करितों. पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढें सारा देश त्यांस विनोबा म्हणूं लागला. त्यानंतर चार महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, महाड तालुक्यांतील नातें येथें चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचें घर रोह्याचें. दोघेहि कुलाबा जिल्ह्याचे. १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. दोघेहि संस्कृताचे व्यासंगी. एकानें गीता मराठींत आणिली, दुसऱ्यानें मेघदूत. मॅगसेसे पारितोषिक १९५८ सालीं प्रथम दिलें गेलें तेव्हां विनोबा त्याचे मानकरी होते. दुसऱ्याच वर्षीं तें चिंतामणरावांस मिळालें. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजीं वारले, विनोबा त्याच वर्षीं १५ नोव्हेंबर रोजीं. सरकारच्या सनदाहि दोघांस मिळाल्या आहेत. चिंतामणरावांस १९७५ सालीं पद्मविभूषण झालें. विनोबांस मरणोत्तर भारतरत्न १९८३ सालीं.

इतकें साम्य असूनहि एक तुरुंगाच्या वाटेनें गेला आणि दुसरा सचिवालयाच्या. दोघांच्याहि सन्मानास सबळ हरकती आहेत. गौरवग्रंथांत त्या हरकती दडविल्या जातात, आणि निंदापर लेखनांत त्यांवांचून दुसरें कांहीं नसतें. दोन्ही प्रकारचें लेखन एकतर्फी तक्रिरीच्या योग्यतेचें आहे. तक्रीर हा पुराव्याचा कागद खरा, पण निर्णयाचा नव्हे.

प्रथम एक दावा निकालांत काढला पाहिजे. ‘हा पुरुष आमच्या मातींतला, म्हणून त्याचा सन्मान आमच्या गांवीं व्हावा’ असें म्हटलें जातें. हा दावा कागदावर टिकत नाहीं. विनोबा बालपणींच गागोदें सोडून वडिलांकडे बडोद्यास गेले. त्यांचें कार्य वर्धें, पवनार आणि नंतर सर्व देशाचे रस्ते येथें झालें. चिंतामणरावांचा जन्म तर रोह्यांत झालाच नाहीं. त्यांची नोकरी मध्यप्रांतांत, मुंबईस व दिल्लीस झाली. जन्म हा कोणाच्या पराक्रमाचा भाग नसतो. गांवास सन्मान करावयाचा असेल तर गांवानें आपलें कारण निराळें सांगितलें पाहिजे. तें कारण दोघांच्याहि बाबतींत सांपडतें, पण हरकती ऐकल्यानंतरच.

चिंतामणरावांचा वाद आधीं घेऊं. अध्यक्षपदें त्यांस नवीं नव्हतीं. १९४५ ते १९६४ ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, १९५६ पासून कांहीं वर्षें विद्यापीठ अनुदान मंडळाचे. आणि १९६९ सालीं ते देशाच्या सर्वोच्च अध्यक्षपदासाठीं उभे राहिले. रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचें नांव आहे, दिल्लीस इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या सभागृहासहि आहे.

त्यांजवरील पहिली हरकत परकीय सरकारच्या चाकरीची. १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले आणि पुढें तीन दशकें त्यांनीं सरकारची नोकरी केली. ११ ऑगस्ट १९४३ रोजीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९४४ सालीं इंग्रज सरकारनें त्यांस ‘सर’ हा किताब दिला. त्या वेळीं काँग्रेसची कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदींत होती, आणि विनोबाहि तुरुंगांत होते. हरकतदार याहून पुढें जातात. युद्धाच्या खर्चासाठीं लंडनमध्यें स्टर्लिंग जमा दाखवून येथें रुपयाच्या नोटा वाढविण्यांत आल्या, भाव चढले, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. त्या नोटा ज्या बँकेनें काढिल्या तिच्या प्रमुखास गांवानें कां गौरवावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रतिवादीचें म्हणणें असें. स्टर्लिंगच्या बदल्यांत रुपये देणें हें १९३४ च्या कायद्यानें बँकेवर बंधनकारक होतें. युद्धखर्चाचें धोरण दिल्ली व लंडन येथें ठरे, मुंबईच्या बँकेंत नव्हे. दुष्काळाचें वर्ष अर्धें सरल्यावर चिंतामणराव गव्हर्नर झाले. १९४४ सालीं ब्रेटनवुड्स येथील परिषदेंत ते हिंदुस्थानचे एक प्रतिनिधि होते, आणि युद्धाअखेर इंग्लंडकडे साचलेल्या शंभर कोटि पौंडांहून अधिक हिंदी येण्याचा प्रश्न पुढें सोडविण्यांतहि त्यांचा हात होता.

या दोन तक्रिरी समोर ठेविल्या असतां आम्हांस असें दिसतें कीं, वादीचा अर्धा दावा सिद्ध होतो. गव्हर्नरपदापूर्वीं ते त्याच बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. तेव्हां यंत्र दुसऱ्याचें होतें आणि आपण केवळ उभे होतों असें त्यांस म्हणतां येणार नाहीं. उलट, दुष्काळाचा दोष त्यांच्या माथीं मारणें हेंहि पुराव्यावांचून आहे. त्यांची नोकरी सचोटीची होती, हें त्यांचे टीकाकारहि नाकारीत नाहींत. पण सचोटीची नोकरी हें वेतनाचें कारण होय, पुतळ्याचें नव्हे. १९४४ ची सनद ज्या सरकारनें दिली तें सरकार गेलें; रोह्यानें तिची नक्कल आपल्या शिलेवर उतरवून घेण्याचें कारण नाहीं.

दुसरी हरकत १९५६ सालची. आणि गांवाच्या दृष्टीनें तीच मुख्य आहे. १९५२ च्या निवडणुकींत कुलाबा मतदारसंघानें चिंतामणरावांस लोकसभेंत पाठविलें होतें. ते अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रास न देतां केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचें ठरलें, मुंबईंत गोळीबार झाले, माणसें मेलीं. चिंतामणरावांनीं वर्षाच्या आरंभींच राजीनाम्याची इच्छा कळविली होती. परंतु प्रत्यक्षांत ते जुलैपर्यंत मंत्रिमंडळांत राहिले. हरकतदार विचारतात: ज्यांचीं मुलें रस्त्यावर पडलीं त्यांचा प्रतिनिधि सहा महिने खुर्चीवर कां बसला? आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांशेजारीं मंत्रिपद सोडणाऱ्याचें नांव लावावयाचें काय?

या हरकतीचा पहिला भाग खरा आहे आणि तो लिहून ठेविला पाहिजे. परंतु जुलै १९५६ मध्यें त्यांनीं लोकसभेंत जें निवेदन केलें तें छापील वृत्तांतांत उपलब्ध आहे, आणि तो पुरावा पहिल्या प्रतीचा आहे. मुंबईसंबंधींचा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. आणि गोळीबारांची चौकशी नाकारली गेल्याबद्दलहि त्यांनीं तक्रार केली. पंडित नेहरूंनीं पहिल्या आक्षेपाचें खंडन केलें. कोणाचें म्हणणें किती खरें, याचा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्व एवढ्यास आहे कीं, ज्या पंतप्रधानांनीं त्यांस मंत्रिपद दिलें त्यांच्या समोर, सभागृहांत, आपल्या नांवानें त्यांनीं तें म्हटलें, आणि सत्ता सोडली. जुन्या कागदांत ‘राजीनामा’ म्हणजे गोताचा निर्णय मान्य असल्याची कबुली. आज त्याच शब्दाचा अर्थ पद सोडणें असा झाला आहे. १९५६ च्या राजीनाम्यांत दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात: पद सुटलें तें ज्या लोकांनीं निवडून दिलें त्यांचा निर्णय मान्य केल्यामुळें. हुतात्म्यांशीं तुलना मात्र कोणी करूं नये. जीव देणें आणि खुर्ची देणें हीं दोन निराळीं मोलें आहेत, आणि शिलेवर तीं एका ओळींत येतां कामा नयेत.

तिसरी हरकत १९६९ ची. डॉ. झाकीर हुसेन यांच्या मृत्यूनंतर झालेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर चिंतामणराव उभे राहिले. पहिल्या पसंतीच्या मोजणींत व्ही. व्ही. गिरी यांस ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांस १,१२,७६९ मतमूल्य मिळालें. पुढच्या पसंत्या मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. डाव्या विचाराचे लोक म्हणतात कीं, आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण आणि इंपीरियल बँकेची स्टेट बँक ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळांत झाली त्यांनीं अखेरीस खाजगी भांडवलाच्या कैवाऱ्यांचा टिळा लाविला. ही हरकत आम्ही फेटाळतों. लोकशाहींत निवडणुकीस उभें राहणें आणि हरणें हा अपराध नव्हे, तशीच ती सेवाहि नव्हे. सन्मानाच्या प्रश्नांत १९६९ साल दोन्ही पारड्यांबाहेर ठेवावें.

आतां विनोबांकडे वळूं. येथें वाद अधिक कठीण आहे, कारण येथें गुणांचें पारडें फार जड आहे आणि हरकतहि त्याच वजनाची आहे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनीं विनोबांची निवड केली. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूमिहीनांनीं जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनीं शंभर एकर दिली. तेथून भूदानाची यात्रा सुरू झाली. तेरा वर्षें पायीं हिंडून त्यांनीं चाळीस लाखांहून अधिक एकरांचीं वचनें मिळविलीं. मे १९६० मध्यें चंबळच्या खोऱ्यांतील दरोडेखोर त्यांच्यापुढें शस्त्रें ठेवून शरण आले. हें सर्व निर्विवाद आहे.

पहिली हरकत भूदानाच्या हिशेबाची. वचन दिलेल्या जमिनीचा मोठा भाग वांटलाच गेला नाहीं. कांहीं नापीक निघाली, कांहीं वादांत अडकली, कांहीं दात्यांच्या वारसांनीं परत बळकाविली. दानपत्रें जमविणाऱ्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. इनामपत्र हातीं असून जमीन कबजांत नसल्याचीं उदाहरणें जुन्या दप्तरांत कमी नाहींत. कागद खरा असतो आणि वहिवाट दुसऱ्याची असते. या हरकतीनें सन्मान नाहींसा होत नाहीं, पण त्याची भाषा कमी होते. ‘भूमिप्रश्न सोडविला’ असें कोठें लिहिलें असेल तर तें पुसावें. ‘भूमिहीनांसाठीं तेरा वर्षें पायीं हिंडून जमीन मागितली’ असें लिहावें. तें शेवटल्या शब्दापर्यंत सिद्ध होतें.

दुसरी हरकत दोन शब्दांची आहे. २५ डिसेंबर १९७४ रोजीं विनोबांनीं एक वर्षाचें मौन घेतलें. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. ज्या जयप्रकाशांनीं १९५४ सालीं विनोबांच्या कार्यास जीवनदान केलें होतें ते दुसऱ्या दिवशीं पहांटे तुरुंगांत गेले. आणीबाणीच्या आरंभींच्या काळांत विनोबांनीं ‘अनुशासन पर्व’ हे शब्द दिले, आणि सरकारनें ते देशभर भिंतींवर लाविले, आकाशवाणीवरून ऐकविले. शब्द विनोबांचे होते याविषयीं वाद नाहीं. वाद अर्थाविषयीं आहे, आणि त्याहून अधिक त्यानंतरच्या मौनाविषयीं आहे.

प्रतिवादीची तक्रीर अर्थाची आहे, आणि ग्रंथचिकित्सेची संवय असलेल्यांस ती पटण्यासारखीहि आहे. अनुशासनपर्व हें महाभारताचें तेरावें पर्व. तेथें राजा कोणास शिस्त लावीत नाहीं. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिरास, म्हणजे राजासच, धर्म सांगतात. पुढें विनोबांनीं स्वतः हा भेद उघड केला: शासन सत्ताधीशांचें, अनुशासन आचार्यांचें. जानेवारी १९७६ मध्यें पवनार येथें आचार्यांचें संमेलन भरलें आणि तेथून देशांत नेहमींची स्थिति परत यावी अशी मागणी झाली. त्याच वर्षीं पवनारच्या आश्रमांतून निघणाऱ्या ‘मैत्री’ मासिकाचा अंक पोलिसांनीं जप्त केला. म्हणजे विनोबा सरकारचे भाट नव्हते, असें प्रतिवादी म्हणतो. शिवाय, जयप्रकाशांच्या आंदोलनाचा शेवट हिंसेंत होईल ही त्यांची भीति आणीबाणीपूर्वींची होती. ती सत्तेच्या लोभानें सुचलेली नव्हती.

वादीचें उत्तर आम्हांस अधिक सबळ वाटतें. मौन बोलण्याचें होतें, लिहिण्याचें नव्हतें. दोन शब्द कागदावर उतरले तसे आणखी चार उतरले असते. सरकारनें जो अर्थ भिंतीवर चिकटविला तो आपला नव्हे, हें त्याच आठवड्यांत सांगतां आलें असतें. तें सांगितलें गेलें नाहीं, आणि स्पष्टीकरण आलें तेव्हां सहा महिने उलटून गेले होते. कागदाच्या अर्थाचा निर्णय करितांना आपण एक नियम नेहमीं लावितों: लिहिणाऱ्याच्या समक्ष कागदाचा एक अर्थ चालू झाला, त्यास तो ठाऊक होता, आणि त्यानें तो नाकारिला नाहीं, तर पुढें काढिलेला दुसरा अर्थ कितीहि शास्त्रशुद्ध असला तरी पहिल्या अर्थाची जबाबदारी त्याजवरून उतरत नाहीं. हा नियम आपण कुळकर्ण्यास लावितों; आचार्यास लावूं नये असें कारण दिसत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. उपोषण हें विनोबांच्या हातचें शस्त्र होतें, आणि आणीबाणी चालू असतांच त्यांनीं तें उगारिलेंहि: ११ सप्टेंबर १९७६ पासून उपोषण करण्याचा संकल्प त्यांनीं जाहीर केला. पण तो गोवधबंदीसाठीं होता, बंदिवानांसाठीं नव्हे. ‘मैत्री’ची जप्तीहि या संकल्पामुळेंच झाली.

ही हरकत आम्ही मान्य करितों. आणीबाणींत ज्यांच्या घरचीं माणसें मिसाखालीं तुरुंगांत होतीं, ज्यांस कोणत्या कलमाखालीं धरिलें हेंहि सांगितलें गेलें नाहीं, त्यांनीं ते दोन शब्द भिंतीवर रोज वाचले. त्यांच्या हरकतीस गोतांत जागा नसेल तर गागोद्याचा सन्मान हा महजर होत नाहीं; तो एकतर्फी कागद राहतो.

मग निर्णय काय? कांहीं विद्वान् असें म्हणतील कीं, एवढा दोष सिद्ध झाल्यावर सन्मान काढून घ्यावा. दुसरे म्हणतील कीं, एवढ्या तपश्चर्येपुढें एका चिठ्ठीचें काय मोल? दोघेहि एकच चूक करितात: ते माणसाचा एक आंकडा काढूं पाहतात. जुनी सनद असें करीत नसे. ती सेवेचें नांव घेई. अमुक प्रसंगीं अमुक काम केलें, म्हणून अमुक जमीन. पुढें त्याच घराण्याकडून अपराध घडला तर वतन अमानत होई आणि चौकशी चाले. पण मूळ सेवा घडलीच नव्हती असें कोणी लिहीत नसे. सनद रद्द ठरे ती मुख्यतः बनावट निघाली म्हणजे. हाच दंडक आम्ही येथें लावितों. विनोबांचें १९४० व १९५१ बनावट नाहीं; तेव्हां त्याबद्दलचा सन्मान राहिला पाहिजे. १९७५ हेंहि बनावट नाहीं. तेव्हां तें त्याच कागदावर आलें पाहिजे. चिंतामणरावांचा १९५६ चा राजीनामा खरा, म्हणून रोह्यानें त्यांस मान द्यावा. १९४४ चा किताब गांवाच्या सन्मानाचें कारण होत नाहीं, आणि जानेवारी ते जुलै हे सहा महिने लपविण्याचेंहि कारण नाहीं.

दोघांस शेजारीं ठेवून पाहिलें असतां एक गोष्ट लक्षांत येते, आणि ती बोलून दाखविणें आम्हांस प्राप्त आहे. आयुष्यभर सरकारचें मीठ खाल्लेला मनुष्य एका प्रसंगीं सरकारविरुद्ध उभा राहिला. आयुष्यभर सत्तेपासून दूर राहिलेला मनुष्य एका प्रसंगीं सत्तेस आपले शब्द वापरूं देऊन स्वस्थ बसला. यावरून पहिला दुसऱ्याहून थोर असें ठरत नाहीं. एकूण त्यागाच्या हिशेबांत विनोबांशीं बरोबरी करणारे या जिल्ह्यांत फार थोडे. पण सार्वजनिक सन्मान हा पुढच्या पिढीस दिलेला धडा असतो, आणि प्रसंगीं कसें वागावें हा धडा १९५६ च्या रोहेकरापासून घेण्यासारखा आहे, १९७५ च्या गागोदेकरापासून नव्हे. उलट, दुसऱ्याचें घेण्यासाठीं हात न उगारितां पसरावा कसा, हा धडा गागोद्यासच मिळेल. दोन्ही गांवांनीं आपापल्या शिलेवर हें स्पष्ट लिहिलें तर शेजारचीं दोन गांवें एकमेकांची शिला वाचून शहाणीं होतील.

या विवेचनाविरुद्ध एक आक्षेप येईल तो आम्हीच मांडतों. स्मारक ही श्रद्धेची जागा आहे, तेथें हरकतीचा पाढा वाचून काय साधणार? उत्तर असें कीं, हरकत शिलेवर नको असेल तर दप्तरांत असूं द्या. पण कोठें तरी असूं द्या. ज्या सन्मानाच्या कागदांत हरकत नोंदलेली असते तो पुढें कोणास सहजीं उलथतां येत नाहीं. हरकतदाराचें म्हणणें आधींच ऐकिलें गेलेलें असतें. ज्यांत ती नसते तो पहिल्याच प्रतिकूल काळीं डळमळूं लागतो. भक्तांनाहि आपल्या पुरुषाचें नांव टिकावें असें वाटत असेल, तर त्यांनींच हरकतदारांस बोलावून त्यांची तक्रीर लिहून घ्यावी. पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावास ती जोडावी, सेवा कोणती हें सालासह नमूद करावें, आणि विरुद्ध मत देणाऱ्यांचीं नांवेंहि लिहावींत. एवढें झालें कीं तो ठराव महजर होईल.

अखेरीस संग्राहकांस एक विनंति आहे. या दोन पुरुषांविषयींचे छापील ग्रंथ पुष्कळ आहेत. पण वर ज्या तक्रिरींचा विचार केला त्यांचे मूळ कागद अजून घरोघरींच्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. १९५२ च्या निवडणुकीचीं कुलाबा मतदारसंघांतील पत्रकें, १९५६ मध्यें रोहें व पेण येथील सभांनीं केलेले ठराव, जिल्ह्यांतील भूदानाचीं दानपत्रें आणि त्या जमिनींचे पुढचे उतारे, १९७५ ते १९७७ मधील तुरुंगांतून आलेलीं तपासणीचा शिक्का असलेलीं पत्रें, आणि सभागृहांस नांवें देतांना झालेल्या चर्चांचे वृत्तांत, हे सर्व जमविण्यासारखे आहेत. पेशवाईचा कागद दिसला कीं आपण हळूच उचलतों. पन्नास वर्षांपूर्वींचा दिसला कीं रद्दींत टाकतों. कोंकणांतला पावसाळा आणि वाळवी हा भेद करीत नाहींत. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, तारीखवार लावून ठेवावेत आणि नकला करून द्याव्यात. दोन्ही पक्षांचे कागद एका दप्तरांत आले म्हणजे या वादाचा निर्णय करणाऱ्या पुढच्या गोतास आमच्याहून चांगला महजर लिहितां येईल.